अप्पांचं पोहणं आणि माझी सही

माझे सासरे दरवर्षी थंडीत एकदा आमच्या चिखले गावाहून डहाणूपर्यंत समुद्रातून पोहत जात. त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. एरवी ते चिकूच्या वाडीत रमलेले, कमी बोलणारे गृहस्थ. पण तो एक दिवस त्यांचा असे. ओहोटी लागायच्या सुमाराला ते पाण्यात शिरत आणि ओढीबरोबर दक्षिणेकडे सरकत दोन-अडीच तासांत डहाणूला लागत. सोबत होडी नाही की माणूस नाही. सासूबाई टॉवेल आणि चहाचा थर्मास घेऊन रिक्षाने डहाणूला जात आणि किनाऱ्यावर उभ्या राहत.

मी लग्न करून या घरात आले तेव्हा मला याचं कौतुक वाटलं होतं. तेव्हा मी तलासरीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. पुढे २०१५च्या पावसाळ्याआधी आमच्या किनाऱ्यावर सुट्टीला आलेली दोन तरुण पोरं बुडाली. त्यातल्या एकाला किनाऱ्यावर आणलं तेव्हा मी तिथेच होते. छाती दाबत असतानाच तो माझ्या हाताखाली गेला. त्यानंतर मला अप्पांचं कौतुक वाटेनासं झालं, भीती वाटायला लागली.

त्या वर्षी किनाऱ्यावर फलक लागला. गुडघ्यापलीकडे पाण्यात जायला बंदी. लांब पोहायचं तर पोलिसांची लेखी परवानगी, सोबत होडी, कमरेला बांधलेला, दुरून दिसणारा फुगा, आणि साठीच्या पुढच्या माणसाला डॉक्टरचा दाखला. अप्पा तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे ठेवला आणि दाखला लिहून दे म्हणाले.

मी नाही म्हटलं. घरच्या माणसाचा दाखला घरच्याच डॉक्टरने देऊ नये, असं सांगितलं. ते खरंही होतं, पण कारण ते नव्हतं. अप्पांना ते कळलं असावं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. नंतर आठ दिवस ते माझ्याशी चहा-जेवणापुरतंच बोलले. नवऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की दुसऱ्या कुणा डॉक्टरकडून ते सहज सही आणतील. त्यांनी आणली मात्र नाही.

नवव्या दिवशी सकाळी उठले तर अप्पा घरात नव्हते आणि दोरीवरचा त्यांचा पोहायचा टॉवेलही नव्हता. चपला घालायचंही भान राहिलं नाही, तशीच किनाऱ्याकडे धावले. भरती पूर्ण आली होती. पाण्यात कुठे डोकं दिसतंय का ते मी बघत राहिले, आणि मग सुरूच्या झाडांखाली वाळूत बसलेले अप्पा दिसले. अंग कोरडं होतं. टॉवेल मांडीवर होता.

मी शेजारी बसले.

"कायदा मोडून पाण्यात जायचं माझं वय गेलं," ते म्हणाले. "पण तू नाही म्हणालीस ते माझ्या छातीकडे बघून की त्या बुडालेल्या पोराकडे बघून, एवढं मला सांग."

मी खरं ते सांगितलं. त्या पोराकडे बघून, म्हटलं.

त्यांनी टॉवेलची घडी केली. मग स्वतःहूनच सांगू लागले. वाडीत सकाळपासून प्रत्येक जण काही ना काही विचारतो, फवारणी कधी, मजूर किती, माल कुठे पाठवायचा. पाण्यात कोणी काही विचारत नाही. वर्षातले तेवढे दोन तास, बाकी त्यांना काही नको होतं. हे ते अगदी साध्या आवाजात बोलले. शेवटी मी म्हटलं, आधी तपासण्या करू, मग मी त्यांच्या छातीकडे बघूनच ठरवीन.

ईसीजी दवाखान्यातच झाला. पट्ट्यावर चालवून करतात त्या तपासणीसाठी वापीला जावं लागलं. राज्याच्या हद्दीवर अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत आम्ही तासभर अडकलो. अप्पांनी खाली उतरून धाब्यावरचा चहा आणला आणि पलीकडच्या ट्रकवाल्याशी गुजरातीत गप्पा मारत उभे राहिले. वापीला तंत्रज्ञ पुरे म्हणाला तरी ते चालतच होते. रिपोर्ट चांगला आला. रक्तदाब थोडा जास्त होता, गोळी सुरू केली. आता नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. तरीही सही करायच्या आधी मी रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला.

दाखल्याखाली मी अटी लिहिल्या. होडीत मी असणार. दर पंधरा मिनिटांनी डावा हात वर करायचा. आणि मी बाहेर म्हटलं की बाहेर, वाद नाही. अप्पांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"यात अटी जास्त आहेत, माणूस कमी आहे," ते म्हणाले आणि खाली सही केली. फुग्यावरून मात्र कुरकुर केली. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात तसं हे, म्हणाले.

सासूबाई इतके दिवस यात पडल्या नव्हत्या. त्या रात्री भांडी आवरताना त्या मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी किनाऱ्यावर उभी राहून भीत आले. मला कोणी विचारलं नाही. आता निदान कोणीतरी जवळ असेल."

पोलिसांची परवानगी मिळाली आणि जानेवारीत दिवस ठरला. होडी ओळखीच्या तांडेलाची होती, चालवायलाही तोच होता. पन्नाशीचा, तोंडात सुपारी, समुद्राखेरीज कशाकडे फारसं न बघणारा माणूस. अप्पा पाण्यात उतरले आणि शांतपणे हात टाकू लागले. पहिला हात वर आला, दुसरा आला. पण होडीच्या संथ डोलण्याने मला मळमळायला लागलं आणि तिसऱ्या हाताच्या वेळी मी काठावर वाकून उलटी करत होते. अप्पांनी हात वर केला तो तांडेलाने पाहिला. त्याने मला लिंबू दिलं आणि नजर लांब किनाऱ्यावर ठेवायला सांगितलं.

वाटेतलं नरपड गाव मागे पडायच्या आधी वारा सुटला. तांडेल सुपारी थुंकून म्हणाला की ओढ नेहमीपेक्षा जोराची आहे, आज अप्पा डहाणूच्या किनाऱ्याला लागणार नाहीत, पुढे खाडीच्या तोंडाकडे जातील. तिथे पाण्यात मासेमारीची जाळी बांधायचे खुंट रोवलेले असतात आणि त्यांत माणूस अडकू शकतो, हे मलाही माहीत होतं. अप्पा अजून नीट पोहत होते. दमले नव्हते. त्यांना थांबवायला त्यांच्या तब्येतीचं कारण माझ्याकडे नव्हतं, फक्त वारा होता. मी अर्धं मिनिट गप्प राहिले. ते अर्धं मिनिट मला अजून आठवतं. मग ओरडले, "अप्पा, बाहेर."

ते थांबले. पाणी तुडवत त्यांनी लांब डहाणूच्या बाजूला बघितलं. आता वाद होणार म्हणून मी शब्द जुळवत होते. पण ते वळले, होडीपाशी आले, आणि तांडेलाने हात देऊन त्यांना वर घेतलं.

अंग पुसून झाल्यावर मी विचारलं, राग आला का.

"तू दोन महिने माझं ऐकलंस," ते म्हणाले. "मी एकदा तुझं ऐकलं तर काय झालं? आणि मला पण ओढ कळली होती. थोडा वेळ कळली नाही असं दाखवत होतो."

मला हसू आलं, आणि मग रडूही. ते मळमळीचं नव्हतं. होडी नरपडला वळवली, पण ओहोटीमुळे ती थेट काठाला लागेना, म्हणून आम्ही दोघं शेवटचा पट्टा चिखलातून चालत गेलो. माझ्यात जोर नव्हता, तर अप्पांनीच मला दंडाला धरून आणलं. सासूबाईंना फोन केला, त्या डहाणूहून रिक्षाने आल्या. मध्येच का थांबलात, कोण किती दमलं, हे काही न विचारता त्यांनी चहा आधी माझ्या हातात दिला.

त्यानंतर २०१९पर्यंत अप्पा आणखी तीनदा पोहले, त्यातले दोनदा डहाणूपर्यंत. मग खांदा दुखतो म्हणून त्यांनी स्वतःच थांबवलं. प्रत्येक वर्षी मी आधी त्यांची तपासणी केली आणि प्रत्येक वर्षी सही करताना घाबरलेच. पण त्या पहिल्या दुपारी घरी आल्यावर मी जशी झोपले, तशी कितीतरी महिन्यांत झोपले नव्हते. मध्येच जरा जाग आली तेव्हा स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू येत होतं. भात आत्ता टाकायचा की मी उठल्यावर, यावर अप्पा आणि सासूबाई हलक्या आवाजात वाद घालत होते. मी कूस बदलली आणि परत झोपले.