पोलादपूरला मला कुणी काही विचारलं नाही

साताऱ्याहून निघालेली एसटी महाबळेश्वर मागे टाकून आंबेनळी घाट उतरू लागली, तेव्हा मी खिडकीशी बसून एक वाक्य पाठ करत होते. "ह्यांना प्रवास सोसत नाही, घरीच आहेत." तीस वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतले, त्यामुळे पाठांतराची सवय आहे. वाक्य खोटं होतं. आमचे हे भाद्रपदात गेले. पण साताऱ्यात ते वाक्य खपलं नसतं. तिथे भाजीवालीसुद्धा आता माझ्याशी हळू आवाजात बोलते आणि न मागता कोथिंबीर जास्त घालते. मला दोन दिवस अशा ठिकाणी काढायचे होते, जिथे कुणीतरी सहज विचारेल, "मिस्टर नाही आले?" आणि मी माझं वाक्य म्हणेन. तेवढे दोन दिवस हे घरी पेपर वाचत बसलेले असतील. मुलाला मात्र मी हवापालटाला जाते असं सांगितलं होतं.

वैशाखातला घाट. गवत वाळून पिवळं पडलेलं, कातळ उघडे, हिरवी काय ती करवंदीची जाळी. खाली दरीत सावित्री नदी अगदी रोडावलेली दिसत होती. पाठांतराच्या नादात माझा थांबा कधी गेला ते कळलंच नाही. पोलादपूरच्या स्टँडवर उतरले आणि रिक्षा करून तीन किलोमीटर मागे आले.

हॉटेल घरगुतीच, सहा खोल्यांचं. तिथली एक रीत मला फोटोंत फार आवडली होती, तिच्यापायीच मी हे हॉटेल निवडलं. येणाऱ्या प्रत्येक बाईला मालकीणबाई उंबऱ्यावर कुंकू लावतात आणि हातावर गूळ ठेवतात. माझ्या पुढेच ठाण्याचं एक कुटुंब पोचलं होतं. त्यातल्या बाईंना कुंकू लागलं, छोट्या मुलीलाही लागलं. मग मी पुढे झाले. मालकीणबाईंचं बोट करंड्यात गेलं, एवढ्यात मागून त्यांची सून स्नेहल त्यांच्या कानाशी लागली. बोट करंड्यातून बाहेर आलं आणि पदराला पुसलं गेलं. माझ्या हातावर नुसता गूळ पडला.

माझ्या कपाळावर टिकली होती. मी ती काढलेली नाही आणि काढणारही नाही. मग ह्या लोकांना कळलं कसं? वाटलं, घामाने टिकली खाली सरकली असेल. माणूस स्वतःची समजूत काढायला काय वाटेल ते शोधतो.

संध्याकाळी चहा आला तो बिनसाखरेचा. मी सांगितलं नव्हतं. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ) आणि कैरीचं लोणचं. बाकीच्यांच्या ताटात वांग्याचं भरीत होतं, माझ्या ताटात नव्हतं.

"तुम्हाला वांगं चालत नाही ना, काकू," स्नेहल म्हणाली.

चालत नाही हे खरं. अंगाला खाज येते. पण हे मी कधीतरी फोनवरच्या एका पाककृतींच्या गटात लिहिलं होतं, पोलादपुरात नाही. बिरडं उत्तम होतं, तरी मी एका भाकरीवर थांबले. ठाण्याच्या बाईंना तिने सासर-माहेर, पोरांच्या शाळा, सगळं हसतखेळत विचारलं. मला फक्त वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी महाडला गेले. बाजारपेठेतल्या काही भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते, माझ्या डोक्याच्याही वर. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसले. एक नवराबायको मुलाला घेऊन आले होते. त्यांनी माझ्या हातात फोन देऊन आपला फोटो काढून घेतला, आभार मानले आणि गेले. तिथेही माझं वाक्य पोटातच राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाटाच्या रस्त्याने पायी वर निघाले. वळणावर एक म्हातारी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती. मी एक द्रोण घेतला. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सरळ विचारलं,

"एकटीच आलीस गो बाय? घरवाला नाय आला?"

मी माझं वाक्य म्हटलं, "नाही. ह्यांना प्रवास सोसत नाही, घरीच आहेत."

"मंग जेवतो कुनाकडं?"

"हाताने करतात. भात छान लावतात."

"नशीब हाय तुझा. माझा होता तो पानी पन हातानं घ्यायचा नाय." ती हसली. मीही हसले. आठ महिन्यांत ह्यांच्याविषयी कुणाशी हसून बोलले नव्हते. मग ह्यांचं फोडणी जाळणं सांगितलं, चष्मा फ्रीजमध्ये विसरणं सांगितलं. सगळं वर्तमानकाळात. म्हातारीने दुसरा द्रोण भरून माझ्या हातात कोंबला. "ह्यो त्याला. पैसं नको. जाऊन त्याला दे."

उतार उतरून आले. दोन्ही द्रोण पुढे धरून मी हॉटेलात शिरले. स्नेहल ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने दोन द्रोण बघितले, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"विचार ना," मी म्हटलं, "दुसरा कुणाचा म्हणून."

ती तांदूळ निवडत राहिली. मी पुन्हा म्हटलं, "विचार की. सगळ्यांना विचारतेस."

"काकू, मला माहिती आहे," ती म्हणाली. "काका... मी बघितलं होतं. बुकिंग झालं की नाव, नंबर टाकून नेटवर सगळ्यांचंच बघतो आम्ही. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून."

मागितल्यावर तिने फोनमधलं टिपणही दाखवलं. खोली तीन. बाई एकट्या. चहा बिनसाखर. वांगं नको. मिस्टर वारले, भाद्रपदात. विषय काढू नये. कुंकू लावू नये.

माझं आयुष्य सात वाक्यांत बसलेलं मी पहिल्यांदाच वाचत होते. फार राग आला, आणि फार एकटं वाटलं.

"मागे एक बाई आल्या होत्या," स्नेहल सांगू लागली. "आईंनी रीतीप्रमाणे कुंकू लावलं, तर त्या उंबऱ्यातच रडत बसल्या. त्यांचे मिस्टर महिन्यापूर्वी गेले होते. आई दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हापासून मी आधी बघून ठेवते." मग हळूच म्हणाली, "तुमच्या मुलाने नेटवर काय सुंदर लिहिलंय हो काकांवर. मी दोनदा वाचलं."

"मी एकदाही वाचलेलं नाही," मी म्हटलं.

दुपारी बॅग भरताना विचार करत होते. ह्या लोकांचं चुकलं असं छातीठोकपणे म्हणवत नव्हतं. पण म्हातारीने विचारलं तेव्हा मला खोटं बोलता आलं, टाळता आलं असतं, रडताही आलं असतं. न विचारता शोधून ठेवणाऱ्यापुढे माणसाच्या हातात काहीच उरत नाही. माझ्या कपाळाचं काय करायचं हे माझ्याआधी त्यांनी ठरवून टाकलं होतं, तेही मायेने. मायेने केल्यामुळे भांडायचीही सोय राहिली नव्हती.

निघताना मालकीणबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. हातात तबक होतं. सुनेने त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं. त्यांनी बोट करंड्यात घातलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं,

"लावू काय गो?"

तीन दिवस ह्या घरात कुणीतरी विचारावं म्हणून मी वाट बघत होते. विचारलं, तर पाठ केलेलं वाक्य काही तोंडून निघेना.

"ते गेले," मी म्हटलं. "तरी लावा."

'ते गेले' हे दोन शब्द मी तोवर कधी उच्चारले नव्हते. नातेवाइकांना मुलाने कळवलं, शेजाऱ्यांना जावेने, बाकी जगाला फोनने. मालकीणबाईंनी कुंकू लावलं, ते जरा वाकडं लागलं. त्या म्हणाल्या, "माफ कर हां." मी त्यांचा हात नुसता दाबला.

साताऱ्याच्या स्टँडवर मुलगा घ्यायला आला होता. घरी पोचल्यावर त्याने पिशवीतून द्रोण बाहेर काढले. "दोन कशाला आणलेस गं?"

"एक तुझ्या बाबांना दिलाय एका म्हातारीने," मी म्हटलं आणि सगळी हकीकत सांगितली. मग आम्ही जमिनीवर बसून ह्यांच्या द्रोणातली करवंदं खाल्ली. निम्मी चेंगरली होती.

"तू काय लिहिलं होतंस ते मला वाचून दाखव," मी म्हटलं.

त्याने फोन काढला, शोधायला वेळ लावला आणि वाचू लागला. दुसऱ्याच ओळीला तो थांबला. फोन त्याच्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि पुढचं मी वाचलं.