खांबावरचा लाल रंग

आमच्या हॅरोज वेल गावात कुणाचं कौतुक करायचं म्हणजे लोकांच्या जिवावर येतं. बायकोनं दिवसभर खपून मटण भाजावं, नवऱ्यानं ताट चाटूनपुसून म्हणावं, "याहून वाईट खाल्लंय," आणि बायकोनं त्यावर खूश व्हावं. एकानं पुरातून शेजाऱ्याच्या शंभर मेंढ्या बाहेर काढल्या, तेव्हा पबमध्ये त्याच्याबद्दल एवढंच बोलणं झालं की गडी बरा आहे. 'बरा' ही इथली सगळ्यात मोठी पदवी. ती फुकट कुणाला मिळत नाही. या सवयीपायी रेलीन पॅस्कोच्या तोंडचा घास जायची वेळ आली होती.

रेलीन एकोणपन्नास वर्षांची. सकाळी ती कौन्सिलची पाण्याची गाडी चालवायची आणि दुपारी क्लॅरी नॅनकिव्हेलच्या शेडमध्ये जायची. क्लॅरी एकाहत्तर वर्षांचा, आणि गावातला एकुलता एक ट्रेलरवाला ट्रक त्याचा. आसपासच्या लहान शेतकऱ्यांचा गहू तोच सायलोपर्यंत, म्हणजे धान्याच्या उंच कोठारापर्यंत, पोचवायचा. अकरा वर्षं रेलीन त्या लाल ट्रकला ग्रीस लावत होती, धूत होती आणि क्लॅरीच्या आवारात ट्रेलरसकट फिरवत होती. स्वतःच्या जमिनीवर कोण लायसन्स विचारतो? रस्त्यावर मात्र त्या ट्रकचं स्टिअरिंग तिच्या हातात कधी आलं नव्हतं. अवजड गाडीचं लायसन्स तिनं मे महिन्यात काढलं होतं, आणि ट्रेलरच्या लायसन्ससाठी पुढं वर्षभर थांबावं लागतं.

सप्टेंबरात क्लॅरीच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टरांनी त्याला ट्रक चालवायला बंदी केली. शहरातला जुन्या गाड्यांचा एक दलाल येऊन, टायरांना लाथा मारून ट्रक पारखून गेला.

"एक नोव्हेंबरला गव्हाचा हंगाम सुरू होतो," क्लॅरी म्हणाला. "तोवर तुझं लायसन्स आलं, तर ट्रक तुझा. नाही आलं तर तो दलाल घेऊन जाईल. शेडमध्ये उभा राहून गंजलेला मला नाही बघवणार."

वर्ष पुरं होण्याआधी ट्रेलरचं लायसन्स घ्यायला सूट मिळते, पण गरज आणि तयारी दोन्ही पटवून द्यावी लागते. रेलीननं अर्ज भरला. 'अनुभव' या रकान्यात तिनं लिहिलं, 'थोडाफार'. क्लॅरीनं शिफारसपत्र दिलं. ते अख्खं असं होतं: 'रेलीन पॅस्को बरी चालवते. अजून काही वाकवलेलं नाही.'

ते रेलीननं दोनदा वाचलं होतं. अकरा वर्षांत क्लॅरी तिच्याबद्दल एवढं कधी बोलला नव्हता. आता सूट मिळालीच म्हणून ती शीळ घालत पाण्याची गाडी चालवत होती.

दहा दिवसांनी लायसन्सच्या ऑफिसातून मिस ट्रान नावाच्या बाईंचा फोन आला.

"मिसेस पॅस्को, तुमचा अर्ज मंजूर करता येत नाहीये."

"का बरं?"

"शिफारस फारच कमजोर आहे. तुमचे मालक लिहितात, बरी चालवते."

"मग? आणखी काय लिहायचं माणसानं?"

मिस ट्रान समजुतीनं म्हणाल्या, "बाई, बरी चालवणाऱ्यांसाठीच तर वर्षभर थांबायचा नियम आहे. सूट देण्यासारखं तुमच्यात काय आहे, ते मला कागदावर दिसू दे. शुक्रवारपर्यंत दुसरं पत्र पाठवा. माझ्या हातात तेवढंच आहे."

रेलीन तडक क्लॅरीच्या स्वयंपाकघरात गेली. चहा झाला, बिस्किटं झाली. क्लॅरीनं चष्मा पुसला, पेन हातात घेतलं, आणि कपाळाला घाम फुटेपर्यंत कागदाकडे बघत बसला. अर्ध्या तासानं त्यानं कागद तिच्याकडे सरकवला. 'रेलीन पॅस्को बऱ्यापैकी बरी चालवते.' खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"म्हाताऱ्या, याच्या आधीचं बरं होतं!"

"मग काय कविता करू तुझ्यावर?"

"कविता नको! खरं काय ते लिही! अकरा वर्षं तुझ्या शेडमध्ये मी काय माशा मारल्या?" तिचा आवाज चिरकला. रडायचं नाही असं ठरवून आली होती, तरी डोळे भरलेच. "मला तो ट्रक हवाय क्लॅरी. दुसरं काही मी आयुष्यात एवढं मागितलेलं नाही."

क्लॅरी खिडकीतून बाहेर फाटकाकडे बघत राहिला. आवाराच्या आतल्या, शेडपुढच्या त्या फाटकाची गंमत गावाला ठाऊक आहे. ट्रेलर आत घेताना दोन्ही अंगांना चार चार बोटं जागा उरते. डावीकडचा खांब तिरका झालाय आणि त्यावर लाल रंगाचे ओरखडे आहेत. ते खतवाल्याच्या गाडीचे, असं क्लॅरी वीस वर्षं शपथेवर सांगत आलाय. खतवाल्याची गाडी पांढरी आहे, पण म्हाताऱ्याच्या तोंडी कोण लागणार?

"तू बाहेर जा," क्लॅरी म्हणाला. "तू समोर बसलीस की मला सुचत नाही."

ती बाहेर गेली आणि राग काढायला ट्रक धूत बसली. दीड तासानं क्लॅरी चिकटवलेलं पाकीट घेऊन आला. "वाचायचं नाही. सरळ पोस्टात टाक." तिनं दुपारच्या टपालात टाकलं.

पुढच्या बुधवारी ती टाकीवर पाणी भरत असताना फोन वाजला.

"मंजूर झालं, मिसेस पॅस्को," मिस ट्रान म्हणाल्या. "परीक्षा द्यावी लागेलच, पण वर्षभर थांबायला नको."

रेलीननं नळ बंद केला. "त्यानं... त्यानं असं लिहिलं तरी काय?"

"तुम्ही वाचलं नाहीत? थांबा हं." कागद सळसळले. "'माझ्या फाटकाचा डावा खांब मी स्वतः नऊ वेळा घासला आहे. तारखा खाली देत आहे. खतवाल्याचं नाव मी उगाच घेत आलो. रेलीननं त्याच फाटकातून अकरा वर्षं, आठवड्यातून तीनदा, ट्रेलर मागे घेतला आहे. तिच्या हातचा एकही ओरखडा त्या खांबावर नाही. पाहिजे तर येऊन बघा.' पुढं दोन पानं नुसत्या तारखा आहेत. कधी चिखल होता, कधी वारा होता, ते सगळं." मिस ट्रानचा आवाज जरा हलला. "मी अशी शिफारस आजवर पाहिलेली नाही."

रेलीन टाकीला टेकून उभी राहिली आणि मोठ्यानं हसली, हसता हसता रडली. चारचौघांत ज्यानं चूक कधी कबूल केली नाही, त्यानं तिच्यासाठी एकदम नऊ कबूल केल्या होत्या, तेही सरकारी कागदावर.

परीक्षा तालुक्याच्या गावी झाली. ट्रेलर जोडणं, सोडणं, मागे घेणं. परीक्षकानं वाट आखायचे शंकू लांब लांब ठेवले होते. रेलीननं विचारलं, "एवढी जागा? शेजारून आणखी एखादी गाडी यायचीय का?"

तीस ऑक्टोबरला दलाल आला तेव्हा ट्रक फाटकाबाहेर निघत होता. स्टिअरिंगवर रेलीन होती. डावीकडे चार बोटं, उजवीकडे चार बोटं. दलाल आल्या पावली परत गेला. खांबाशेजारी क्लॅरी खिशात हात घालून उभा होता. रेलीननं काच खाली केली.

"काय मग?"

"बरी चालवतेस," क्लॅरी म्हणाला.

यापुढं कुणाचं प्रमाणपत्र तिला नको होतं. तिनं खांबाकडे बोट केलं, "खांब रंगवून टाकू का रे? गावाला दिसायला नको."

"हात लावशील तर बघ! तुझा ओरखडा आला तर तो दहावा म्हणून मला मोजता आला पाहिजे."

त्या हंगामात एकशे बारा खेपा झाल्या. दर खेपेला क्लॅरी चष्मा लावून खांब तपासून यायचा. त्यावर ओरखडे अजून नऊच आहेत.