पितळी इस्टो
राकेलचा वास आला की मला जवळा बाजारचं आमचं स्वयंपाकघर आठवतं आणि तोंड कडू होतं. निजामाच्या राज्यातले ते शेवटशेवटचे दिवस. वडील देवळाचे पुजारी. देवाचा नैवेद्य रोज आमच्याच चुलीवर शिजायचा. श्रावणात लाकडं ओली असायची, घरभर धूर कोंडायचा आणि फुंकणीनं जाळ फुंकून फुंकून आईचे डोळे गुंजेसारखे लाल व्हायचे. एकदा हिंगोलीला निघताना वडिलांनी तिला विचारलं, "कोळशाची शेगडी आणू की राकेलचा इस्टो?" घरात काही घेताना तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. "इस्टोच आणा," ती लगेच म्हणाली, "धुरानं डोळे जाऊन राहिले माझे." नवाकोरा पितळी इस्टो आला. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वरणाचं पातेलं उचललं, तेवढ्यात वडील दारातूनच ओरडले, "अगं, राकेलच्या जाळावरचं देवाला चालतं व्हय? इस्टो चहापुरता आहे." "मग मला काहून विचारलं?" ती म्हणाली. इस्टो ओसरीवर गेला. तिथं वडिलांच्या पाहुण्यांचा चहा उकळायचा आणि आत आई फुंकणी फुंकत बसायची. "हिच्या पसंतीचा आहे बरं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत. तो इस्टो आज माझ्या घरी फळीवर काळा पडून आहे. मी त्याला हात लावत नाही. आई मात्र दर शनिवारी त्याला घासून आरशासारखा लखलखीत करायची, तिच्याच चुलीतल्या राखेनं.