गंजाच्या रंगाची उशी

थांबा, आधी हे सांगते, मग जेवते. आई बोंबलतीय, बोंबलू दे. आमच्या समोरच्या काकूंइतकी बेचैन बाई अख्ख्या चिकलठाण्यात नाय, आणि त्यांच्या सोफ्याइतका कडक सोफा अख्ख्या मराठवाड्यात नाय! म्हणजे सोफा मऊच आहे, पण टेकायची सोय नाय. काकूंनी शिवलेल्या उश्या मांडलेल्या असतात ना तिथं. हर्सूलचा तलाव, देवगिरीचा किल्ला, एमआयडीसीतली पाण्याची टाकी, सगळं कापडाचे तुकडे जोडून, वरून दोऱ्यानं भरलेलं. पाहुण्यानं काठावर बसायचं, पाठ ताठ. सिल्लोडचे माझे मामा एकदा दमून मागं रेलले, तर काकू चहा घेऊन आल्या त्या किंचाळतच, "अहो पाव्हणं, उठा किल्ल्यावरून! बुरूज चेपला ना!" मामा असे उडाले की अर्धा चहा तलावात. डाग अजून आहे. काकू म्हणतात, "राहू दे, आता खरा दिसतोय."

स्कूटी माझी, पण ब्रेक काकूंचा. मागं बसल्या की भर जालना रोडवर "थांब थांब थांब!" का, तर लांबच्या डोंगराचा रंग बघायचाय. मागून ट्रकवाला हॉर्न देतोय, आणि या म्हणतात, "त्याला म्हणावं तू पण बघ की!"

आणि मग ती शेड पाडायला काढली. काकूंनी बावीस वर्षं जिथं पंख्याच्या मोटारींचं वायंडिंग केलं ती. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, सगळं गंजलेलं. उशी करायला घेतली, पण रंग जुळेना. "आतून बावीस वर्षं बघितलं गं. सकाळी पळत आत, सुटलं की पळत घरी. बाहेर उभं राहून मान वर केलीच नाय कधी." तिकडं रोज चार पत्रे उतरत होते, इकडं आम्ही पर्समध्ये गंजक्या पत्र्याचा तुकडा घेऊन गुलमंडीतली दोऱ्याची दुकानं पालथी घालत होतो. पाचव्या दुकानातल्या चाचांनी हात जोडले. "आपा, ये रंग नै, जंग है जंग!"

"वोइच होना ना, भाई!" काकू खूश. त्यांना गंजच तर पाहिजे होता.

शेवटी काकूंनी तोच तुकडा सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, पाण्यात टाकला, दोऱ्याची लडी त्याला गुंडाळून. आणि काल रंग आला! अगदी तोच! रात्रीतून छप्पर भरून काढलं, आणि आज सकाळी जुळवून बघायला उशी पोटाशी धरून स्कूटीवर.

छप्परच नव्हतं. नुसतं आभाळ.

काकू उशी हातात धरून उभ्या. "आता कशाशी जुळवू गं?"

येताना त्या एकदाही थांब म्हणल्या नाहीत. डोंगर आला, मीच उगाच ब्रेक मारला. तरी नाय.

घरी आल्यावर त्यांनी उशी उलटी केली. मागच्या बाजूला पण भरलेलं होतं, मला कधी दाखवलंच नव्हतं. वरच्या काचांतून तिरपं उतरलेलं ऊन, लांब टेबल, आणि एक रिकामं स्टूल. म्हणल्या, "हे कशाशी जुळवावं लागलं नाय." मग उशी माझ्या पाठीशी ठेवली. "टेक."

चार वर्षं वाट बघितली हो मी या शब्दाची! आणि टेकताच येईना. बसले तशीच, काठावर, पाठ ताठ.

आईनं भरलेला डबा घेऊन काकूंकडंच जाते आता जेवायला. पण तुम्ही सांगा, तुमचं झालंय का असं? रोज जिथं आत शिरत होता, ते बाहेरून कसं दिसायचं, आठवतंय?