कुलपाआधीचं गाठोडं

हॉस्पिटलात तिला सगळे कुकर म्हणत. तोंडावर नव्हे, तेवढी छाती कोणाची होती! राग आला की आधी तिच्या नाकातून सूं असा आवाज निघायचा. तो ऐकला की शहाणी माणसं आपापला कप उचलून दुसऱ्या खोलीत जायची. जी थांबायची, त्यांचं पुढे काय व्हायचं ते विचारूच नका.

तिचं काम कॉम्प्युटरच्या खोलीत. जिन्याखाली एक बिनखिडकीची खोली असते ना, मोडक्या खुर्च्या आणून टाकायची, तीच ती. हॉस्पिटलातलं प्रत्येक यंत्र सकाळी नीट उठलं पाहिजे, ही जबाबदारी हिची. सगळी उठली तर हिचं नावही कोणाच्या तोंडी यायचं नाही. एक उठलं नाही, की अख्खं हॉस्पिटल जिन्याखाली येऊन हिच्या नावानं शंख करणार.

यंत्र उठतं कसं, हे कामावर नव्यानं आलेल्यांना ती एकदाच सांगायची, आणि तेही ओरडून. "चष्मा शोधायला आधी डोळ्यावर चष्मा लागतो की नाही? तसंच आहे हे. कर्नल, म्हणजे यंत्राचा मुख्य प्रोग्राम, जागा होतो, पण त्याला स्वतःची डिस्क ओळखू येत नाही. ओळख पटवणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, डिस्कच्या आत, आणि डिस्क कुलपात! म्हणून त्याच्या उशाशी एक गाठोडं ठेवायचं. त्यात डिस्कचा ड्रायव्हर, कीबोर्डचा ड्रायव्हर, कुलूप उघडायचा प्रोग्राम. घट्ट दाबून बांधायचं. कर्नल उठतो, गाठोडं सोडतो, कुलूप उघडतो, खरी डिस्क हाती आली की गाठोडं फेकून देतो. कळलं? नाही कळलं तरी मान हलवा."

गाठोड्यात काय घ्यायचं आणि काय नाही, हे एका फाइलीत लिहावं लागतं. त्या फाइलीत ओळीओळीला तिच्या टिपा. 'हा कीबोर्डचा. काढलात तर पासवर्ड काय मनातल्या मनात टाकणार?' आणि त्याच्या खाली, 'हात लावाल तर याद राखा.' यंत्राला त्या टिपा दिसत नाहीत, माणसांना मात्र चांगल्या दिसायच्या.

अशा या बाईचा मोठा भाऊ, दादा, त्याच हॉस्पिटलात चौकशीच्या फोनवर होता. शाळेत असतानाच त्याची दृष्टी गेली. ती तेव्हा फ्रॉकमधली. ती त्याला पुस्तकं वाचून दाखवायची, आणि धड्यातला कोणी मूर्खासारखा वागला की पुस्तक भिरकावून द्यायची. मग दादा चाचपडत ते शोधून आणायचा आणि म्हणायचा, "वाच गं पुढे. त्याच्यावर काय चिडतेस, तो धड्यातला आहे." आईवडील गेल्यावर दोघं दोन खोल्यांच्या घरात राहिली. तिनं लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "एकाचा जीव वाचला, असं समजा."

दादा आपल्या कामात पक्का होता. कुठला डॉक्टर कुठल्या मजल्यावर, कुठला विभाग कधी उघडतो, सगळं तोंडपाठ. फोनवर माणूस रडत असेल तर आधी त्याला रडू द्यायचा, मग हळूच विचारायचा, "पेशंटचं नाव सांगता?" फोन कॉम्प्युटरला जोडलेला, आणि पडद्यावर येईल ते यंत्र त्याला हेडफोनमध्ये वाचून दाखवायचं. इतकी वर्षं कोणाची तक्रार म्हणून नाही.

ती कुलपं आली नव्या साहेबांबरोबर. कशालाही "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणायचे, आणि ती दोन मिनिटं नेहमी दुसऱ्याची असायची. त्यांनी सगळ्या घरघरणाऱ्या डिस्का बदलून नव्या, बिनआवाजाच्या बसवल्या आणि प्रत्येक यंत्राला कुलूप घातलं. सुरू होतानाच पासवर्ड. पेशंटची माहिती बाहेर जायला नको, हे बरोबरच होतं. तिलाही ते पटलं होतं. पण दादाला बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर कुलपाच्या आत, आणि पासवर्ड विचारणार ते गाठोडं कुलपाच्या बाहेर. तिथे सगळं मुकं! यंत्र उठायला रोज वेगळा वेळ लावणार. पासवर्ड लवकर टाकला तर अक्षरं हवेत. थांबून राहिलं तर अर्धं मिनिट वाट बघून यंत्र बंद. पासवर्ड मागतंय की नाही, हे ज्याला दिसतं त्यालाच कळणार.

दादानं वाट काढली. केसपेपरच्या खिडकीवरच्या बाईंना तो दारातून हाक मारायचा, "आलं का हो?" त्या डोकावून म्हणायच्या, "आलं, टाका." एके दिवशी साहेबांनी हे पाहिलं.

"असं चालणार नाही," साहेब म्हणाले. "पासवर्ड टाकताना मागे कोणी उभं राहायचं नाही, पडद्याकडे बघायचं नाही, मोबाइल धरायचा नाही. नियम सगळ्यांना सारखा. यांना एकट्याला जमत नसेल तर रेकॉर्ड रूममध्ये बसवू. शांत जागा आहे."

ऐकलंत? ज्याला दिसत नाही त्याला फायलींच्या खोलीत बसवणार! जो माणूस दिवसभर बोलून लोकांना धीर देतो, त्याला शांत जागा देणार!

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सूं आवाज झाला की नाही देव जाणे, ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये. "तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधते आणि रेकॉर्ड रूममध्ये सोडते. चालेल?"

"मॅडम, दोन मिनिटं शांत व्हा," साहेब म्हणाले. "शुक्रवारी मी स्वतः येऊन बघतो. त्यांनी एकट्यानं यंत्र उघडलं, तर खुर्ची त्यांची. नाहीतर माझा इलाज नाही."

घरी आल्यावर ती भांडी आपटत होती. दादा म्हणाला, "अगं, मला वाटतं की..."

"तू काही बोलू नकोस. मी बघते त्या माणसाकडे. तू जेव."

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यानं तोंड उघडलं. "ऐक ना, साधंच आहे..."

"दादा, तू जेव!"

दादा जेवला.

तिनं ठरवलं, गाठोडंच बोलकं करायचं. साहेबांना दाखवायचंच होतं ना! आवाजाचे ड्रायव्हर घेतले, बोलणारा प्रोग्राम घेतला, त्याचा आवाज घेतला, त्या प्रोग्रामला लागणारी बाकीची वरात घेतली. गाठोडं फुगून टम्म. ते ठेवायची डिस्कवरची जागा साहेबांनीच आखलेली, चिमूटभर. वाढवून मागितली तर म्हणाले, सगळ्या डिस्का पुसाव्या लागतील. मग ती काढायला बसली. नेटवर्क काढलं, जादा भाषा काढल्या. यंत्र उठताना दिसावं म्हणून साहेबांनी हौसेनं हॉस्पिटलच्या इमारतीचं चित्र घातलं होतं, ते काढलं. काढताना ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरीही मावेना! शेवटी तिनं दाबायची पद्धतच बदलली. कॉम्प्रेस करायची नवी पद्धत, जुनीपेक्षा कितीतरी घट्ट. हुश्श! बसलं एकदाचं.

जिन्याखालच्या यंत्रावर तिनं ते चालवून पाहिलं. आतून सर्दी झाल्यासारखा आवाज आला, "पासवर्ड टाका." तिनं टेबलावर एवढ्या जोरात थाप मारली की कपातला चहा सांडला.

शुक्रवारी सकाळी तिनं ते गाठोडं दादाच्या यंत्रात ठेवलं. साहेब आले. चौकशीची खोली म्हणजे लाकडी फळ्या ठोकून केलेली चिमुकली जागा, दार उघडं, बाहेर बाकांवर पेशंट बसलेले. दादानं बटण दाबलं.

पडदा काळा. वर इंग्रजीत एक ओळ, बाकी काही नाही. आवाज नाही, काही नाही. दादा कान देऊन बसलेला, बोटं कीबोर्डवर.

काय झालं ते तिला एका क्षणात कळलं. ही नवी गाठ सोडवायची कशी, हे जुन्या कर्नलला ठाऊकच नव्हतं; जिन्याखालच्या यंत्रातला कर्नल नवा, म्हणून तिथे चाललं होतं. गाठोडं उशाशी होतं, पण उघडता येत नव्हतं. आणि दादाच्या यंत्रातला कर्नल जुना ठेवला कोणी? हिनंच! फोन यंत्राला जोडणारं कार्ड नव्या कर्नलवर चालत नाही म्हणून हिनंच हट्टानं जुना ठेवला होता. रागाच्या भरात साफ विसरली बया.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"झालं? हे सगळं तुमच्यामुळे झालं!" ती फुटलीच. "चिमूटभर जागा ठेवता, वर नियम शिकवता, माणसाची खुर्ची काढून घ्यायला टपलेले असता, लाज..."

"गप्प!"

दादानं टेबलावर हात आपटला होता. हेडफोन खाली पडला. बाकांवरची माणसं उठून बघायला लागली. दादाचा आवाज चढलेला त्या हॉस्पिटलात कोणी ऐकला नव्हता. घरीही नव्हता.

"खुर्ची कोणाची आहे? माझी ना? मग मला एकदा तरी विचारलंस, मला काय हवंय ते? साहेबांनी विचारलं नाही, ते परके. तू? तूही नाही! बोलणारं गाठोडं मी कधी मागितलं होतं गं? पासवर्ड कधी टाकायचा, तेवढं कळलं की मला पुरे. बटण दाबल्यावर या खोक्यात एक टुक वाजतं, रोज ऐकतो मी. तसंच टुक पासवर्ड मागताना एकदा वाजव. चुकला तर दोनदा. संपलं! हे सांगायला बघतोय मी घरी, आणि तू आपलं 'दादा, तू जेव, दादा, तू जेव.' लहान आहे का मी?"

आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "हे बघा, आता प्रयत्न तर झाला..."

"शुक्रवार म्हणाला होतात, साहेब. अजून शुक्रवारच आहे," दादा म्हणाला. "थांबा जरा. दोन मिनिटांचं काम आहे."

बाकांवर कोणीतरी खुदकन हसलं. साहेब थांबले.

ती टेबलाखाली शिरली, पेनड्राइव्ह लावला, यंत्र त्याच्यावरून उठवलं आणि गाठोडं मुळापासून पुन्हा बांधायला घेतलं. बोलणारा प्रोग्राम काढला, त्याची वरात काढली. टुक वाजवणाऱ्या त्या छोट्या भोंग्याचा ड्रायव्हर घेतला. तो इतका चिमुकला, की गाठोडं पहिल्यापेक्षाही लहान झालं. जुन्या साध्या पद्धतीनं बांधलं, जुन्या कर्नलला सुटेल असं. राग कुठे गेला म्हणता? कुठे जातोय! सगळा होता तिथेच, फक्त आता तिचा तिच्यावर होता. इतकी वर्षं पडद्यावरचं सगळं आपण याला वाचून दाखवतो, आणि त्याचं एक वाक्य आपल्याला पुरतं ऐकवलं नाही.

"झालं?" दादानं विचारलं.

"झालं."

"ऊठ मग."

ती उठली. दादानं खुर्ची पुढे ओढली, पडलेला हेडफोन चाचपून उचलला, बोट बटणावर नेलं आणि थांबला.

"साहेब, आपण माझ्या मागे उभे आहात."

"हो, मी बघायलाच..."

"पासवर्ड टाकायचाय. मागे कोणी उभं राहायचं नाही. नियम सगळ्यांना सारखा."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. मग ते बाहेर निघाले. तिला हसू आलं. दादानं मान तिच्या बाजूला वळवली.

"तूही."

"दादा, मी फक्त..."

"तूही बाहेर जा. आणि दार लाव."

तिनं दार लावलं. बाहेर साहेब आणि ती शेजारी शेजारी उभे, दोघंही फळीकडे बघत. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग आतून टुक झालं, एकदा. मागोमाग बटणांची टकटक, सावकाश, आणि शेवटी एक जोराची. ती दोन टुकांची वाट बघत राहिली. ती वाजली नाहीत. फोन वाजला.

"नमस्कार, चौकशी," आतून दादा म्हणाला. "बोला तुम्ही. मी ऐकतोय."