भुऱ्याचं लॉन

कुत्रा पाळणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. कुत्र्याच्या केसांसारखे ते आपोआप साचतात, सोफ्यावर, शर्टावर, डब्यातसुद्धा. यंदा मी परसदारी प्लॅस्टिकचं गवत घातलं आणि इतके साचले, की ऑफिसात लोक डबा उघडायच्या आधी विचारतात, "आज काय झालं?"

आधी कारण सांगतो. माझे कुत्रे दोन: भुऱ्या म्हातारा, टिकली अजून अल्लड. माझी बायको सुनीता गेली, तसं मागचं तिचं लॉन वाळलं. मी तिथे टाइल्स बसवून विषय संपवला. त्या गुळगुळीत टाइल्सवर भुऱ्याचे मागचे पाय घसरू लागले. दोनदा जोरात पडला आणि मग त्यानं ओट्यावरून उतरणंच सोडलं. मी त्याला उचलून समोरच्या रस्त्यावर नेऊ लागलो. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पायाखाली पकड द्या, रोज चालवा, नाहीतर पाय जातील.

खरं गवत टिकलीनं आठवडाभरात उकरलं असतं. म्हणून हे.

*

रायपूर राजधानी झाल्यापासून तेलीबांध्याकडे निम्म्या बाल्कन्या हिरव्या झाल्यात. तिथल्याच एका दुकानात देवांगन नावाचे गृहस्थ गवत विकतात आणि स्वतःच बसवूनही देतात. त्यांनी नमुने मांडले आणि विचारलं, क्रिकेटसाठी हवं की बाल्कनीसाठी?

मी म्हणालो, कुत्र्यांसाठी.

त्यांनी एक नमुना हातात घेतला, दोनदा चोळला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "भैया, उनसे पूछ लिया?"

अख्खं दुकान हसलं. मीही हसलो.

*

टाइल्स निघाल्या, गिट्टी पडली, वर रेती दाबली आणि गवताचे रोल उलगडले. बघता बघता परसदार हिरवंगार! मला राहवेना. मी चपला काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलो.

तेवढ्यात टिकली जोडपट्टीच्या ओल्या गोंदावर बसली. शेपूट चिकटली ती चिकटलीच. देवांगननी ज्या पात्यानं गवत कापलं होतं, त्यानंच शेपटीचे केस कापून तिला सोडवलं. केस मात्र निघाले नाहीत. दोन पट्ट्यांच्या मधोमध पांढरा झुबका अजून उभा आहे.

त्याकडे बोट दाखवून देवांगन म्हणाले, "पूरे लॉन में बस इतना ही ओरिजिनल है."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वानखेडे काकू अनवाणी हजर. मूळच्या भंडाऱ्याच्या, कायम आमच्यावर लक्ष ठेवून असतात. गवतावर अनवाणी चाललं की डोळ्यांचा नंबर उतरतो, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, काकू, हे प्लॅस्टिक आहे. त्या म्हणाल्या, मले काय दिसून नाही राहिलं का?

दोन चकरा मारल्या आणि थांबल्या. पाय कोरडेच होते. घरी गेल्या, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन आल्या आणि आपल्या पुढच्या पावलापुरतं फवारत चालू लागल्या.

"दव नाही त मंग कायचं गवत, विलासभाऊ?"

*

सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला, की रायपुरात सगळ्यांच्या गच्च्या काळ्या होतात. आमचं गवतही झालं. घरकाम करणाऱ्या शांतीनं कुणाला न विचारता अर्धा पुडा साबण ओतला आणि खराट्यानं घासायला घेतलं. गुडघाभर फेस! त्यात टिकली शिरली, नुसते कान दिसत होते. मी ऑफिसातून परतलो तेव्हा गवत चमकत होतं आणि शेजारी टिकलीही.

मी विचारलं, गवत धुतलं का? शांती गवताकडे आणि टिकलीकडे बोट दाखवत म्हणाली, "हव भैया, दूनों धोवा गे."

*

एवढं सगळं होत असताना भुऱ्या मात्र ओट्यावर बसून. गवत त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं आणि तो एक पाऊल टाकेना. दिवसागणिक त्याला उठायला जास्त वेळ लागत होता.

ऑफिसात मतं पडली. गोंदाचा वास येत असेल, म्हणून दोन दिवस पंखा लावला. उन्हानं तापत असेल, म्हणून पाणी मारलं, वर हिरवी जाळी बांधली. मातीचा वास नाही म्हणून कुंडीतली माती पसरली. मधोमध चिकनचा तुकडा ठेवला. तो टिकलीनं खाल्ला. मी भुऱ्याला उचलून गवतावर ठेवलं, तर पोट घासत, अपराध्यासारखा ओट्यावर परतला.

शेवटी काकूंनी बाटली खाली ठेवली. म्हणाल्या, "भाऊ, सुनीतानं त्याले कधी लॉनवर पाय ठेवू देल्ला होता का?"

नव्हता. तो पिल्लू होता तेव्हापासून तिनं त्याला शिकवलं होतं. लॉनला पाय लागला की स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज यायचा, "भुऱ्या, काहून रे? चाल वर!" आणि तो ओट्यावर परतायचा. नंतर नंतर तर तिला ओरडावंही लागायचं नाही.

त्या दिवशी ऑफिसात मी काही सांगितलं नाही.

*

गेल्या रविवारची गोष्ट. शांतीच्या हातून मागचं फाटक उघडं राहिलं आणि रस्त्यावरची एक गाय आत आली. एवढं हिरवं पाहून तिनं सरळ तोंड घातलं. गवत तुटेना. तिनं मान झटकली, तसा गवताचा कोपरा रेतीपासून सुटून वर आला. टिकली माझ्या पायामागे लपली.

ओट्यावरून भुऱ्या उठला. एका झटक्यात! भुंकत, मागचे पाय ओढत, सगळं गवत तुडवत तो थेट गाईच्या तोंडाशी गेला. किती महिन्यांनी मी तो आवाज ऐकत होतो. गाईनं तोंडातलं सोडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि आली तशी निघून गेली. त्यानं फाटकापर्यंत तिचा पाठलाग केला.

मग वळला आणि पायाखाली काय आहे ते त्याच्या लक्षात आलं. पुढचा एक पाय वर धरून तो जागच्या जागी थांबला. त्यानं खिडकीकडे पाहिलं. मीही पाहिलं. आत शांती भांडी घासायची थांबली होती.



भुऱ्यानं पाय खाली टेकवला. कडेकडेनं, सावकाश एक अख्खी चक्कर मारली, मधोमध आला आणि खिडकीकडे तोंड करून बसला.