अकराव्या पानावरची चूक

निवृत्त होईपर्यंत सेतुराव तीनशे प्रोजेक्टांचे साप्ताहिक अहवाल पोर्टलवर स्वतः वाचायचे. सगळेच्या सगळे! एका हातात कॉफीचा पेला, दुसऱ्यात मोबाइल. प्रत्येक पोराला त्यांचा एक तरी खोचक प्रश्न जायचाच.

मी सांगलीहून कुंभकोणमच्या आमच्या कॉलेजात नवा आलो, तेव्हा ते प्रोजेक्टांचे समन्वयक होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमी कोठले वो?" मला वाटलं, हा माणूस ऐतिहासिक नाटकातलं बोलून माझी थट्टा करतोय. त्यांचं घराणं तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आलेलं, आणि घरात अजून तीच भाषा. मी फिस्सकन हसलो, तर म्हणाले, "हसा, हसा. आमी मराठी आणली तशी जपून ठेविली. तुमीच तिकडं वापरून वापरून झिजविली."

गाइड म्हणून माझ्या वाट्याला चाळीस प्रोजेक्ट आले. मी पडलो अतिशहाणा! पोर्टलवर सगळ्यांना एकदम शेरा पाठवायची सोय मला सापडली, आणि दर शुक्रवारी चाळिसांनाही मी एकच शेरा ठोकून मोकळा व्हायचो: 'छान प्रगती. असंच चालू ठेवा.'

एका शनिवारी सकाळी रावांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. माझ्या दिव्या नावाच्या विद्यार्थिनीचा अहवाल होता: 'शेवटचा रिपोर्ट लिहून तयार आहे, पण गाइड सर वाचतात कुठे? मी कॉलेज सोडलं. आता घरच्या हातमागावर बसते.' त्याखाली माझा शेरा: 'छान प्रगती. असंच चालू ठेवा.'

माझं धाबंच दणाणलं. त्याच संध्याकाळी पाचला पोर्टल बंद होणार होतं. तोवर रिपोर्ट चढला नाही, तर पोरीचं वर्ष बुडणार.

"फोन करतो तिला," मी म्हणालो.

"फोनावरही शेराच देणार तुमी. बसा मागं!" म्हणत रावांनी स्कूटर काढली.

जवळच्या दारासुरमला दिव्याच्या घरी पोचलो, तर ती मागावरून उठलीसुद्धा नाही. तमिळमध्ये एवढंच म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलंत, असंच चालू ठेवा."

रावांनी तिच्या आईकडून लॅपटॉप मागून घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी निमूटपणे वाचायला लागलो. मागावर धागा तुटला की घंटी वाजवणारं यंत्र तिने केलं होतं, आणि काय झकास केलं होतं! मला मनापासून लाज वाटली.

राव मराठीत पुटपुटले, "चूक काढा."

"अहो, एकही नाही."

"मग खोटी काढा. पोरगी किती गप आहे, बघा की."

त्या घरात मराठी कुणालाच कळत नव्हतं. मी घसा खाकरला आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणालो, "अकराव्या पानावर उभा धागा नि आडवा धागा उलटे लिहिलेत."

माग थांबला.

"उलटे?" दिव्या ताडकन उठली. "वर्षभर एक ओळ वाचली नाहीत, आणि आज चुका काढता?" तिने मला मागापाशी नेलं, एकेक धागा बोटाने दाखवला, आईसमोर मला पुरतं ढ ठरवलं. मग लॅपटॉप ओढून घेत म्हणाली, "आता बारावं पान वाचा. त्यावर काय म्हणणं आहे?"

राव तिच्या आईने दिलेली कॉफी फुंकत होते. मला म्हणाले, "भांडाय लागली. आता ती कोठं जात नाही."

पाचला दहा मिनिटं कमी असताना तिने रिपोर्ट चढवला. माझ्यासारख्या मठ्ठांसाठी अकराव्या पानावर एक जादा आकृतीही घातली. मला तर रावांचे पाय धरावेसे वाटले.

पुढे ऑनलाइन तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिला विचारलं, "गाइडची मदत कितपत झाली?"

दिव्या म्हणाली, "सरांना उभा-आडवा धागा कळत नाही. पण आता ते वाचतात."

ती चूक मी मुद्दाम काढली होती हो, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात रावांनी माझा माइक बंद केला.